कमी पगारात मुंबईजवळ भाड्याची खोली: शोधण्यापासून डिपॉझिट परत मिळेपर्यंत

खोली बघायला निघताना माझ्या पिशवीत तीन वस्तू असतात: मोबाइलचा चार्जर, शिवणकामाची टेप आणि एक रिकामी बाटली. चार्जर प्रत्येक बोर्डात लावून बघायचा, टेपने पलंग आणि कपाट मावतंय का ते मोजायचं, आणि बाटलीत नळाचं पाणी भरून उजेडात धरायचं. एकोणीस वर्षांत कळवा, दिवा, डोंबिवली अशा सात खोल्या बदलल्या. पहिल्या तीन नुसत्या बघून घेतल्या होत्या. बाटली त्यानंतर आली.

घरात दोघांचे मिळून महिन्याला वीस-तीस हजार येतात आणि मुंबई, ठाणे, कल्याण, वसई-विरार या पट्ट्यात कुठेतरी डोक्यावर छप्पर हवंय, अशा कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. पुण्या-नाशकातल्या वाचकांना रेल्वेचा भाग लागू पडणार नाही. कागदपत्रांचा मात्र तसाच पडेल, कारण भाड्याचा कायदा राज्यभर एकच आहे.

आधी हिशोब, तोही महिन्याचा

बहुतेक जण खोलीचं भाडं विचारतात आणि तिथेच फसतात. समजा नवरा भांडुपला एका सोसायटीत वॉचमन आहे आणि बायको मुलुंडला चार घरची कामं करते. मुलुंडच्या चाळीत खोलीचे साडेआठ हजार सांगतात, बदलापूरच्या पुढे वांगणीला साडेचार. कुणीही म्हणेल, वांगणी घ्या, चार हजार वाचले.

आता बेरीज करू. वांगणीत स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा एका वेळेला वीस रुपये धरली, तर दोघांचे येऊन-जाऊन सव्वीस दिवसांचे २,०८० झाले. लोकलच्या दोन पासांचे सहाशे धरा. बाईंचं पहिलं काम सकाळी साडेसहाला सुरू होतं. बदलापूरच्या पुढे गाड्या कमी. ती वेळ गाठायची तर पहाटे चारला उठायला लागतं, आणि मुलांचा डबा कोण भरणार? चारातलं एक घर सुटतंच. ते अडीच हजारांचं असेल, तर ४,५०० अधिक २,०८० अधिक ६०० अधिक २,५००, म्हणजे ९,६८०. स्वस्त खोली बाराशेने महाग पडली, वर रोजचे चार तास गाडीत गेले ते वेगळेच.

म्हणून माझा नियम असा: घरात ज्याचं काम वेळेला आणि जागेला बांधलेलं आहे, त्याच्या कामापासून चालत किंवा एका रिक्षेच्या अंतरावर आधी शोधायचं. बहुतेक घरांत ही व्यक्ती बाई असते, आणि खोली ठरवताना नेमकं तिलाच कुणी विचारत नाही. पुरुष वॉचमनची नोकरी कल्याणलाही मिळवू शकतो. दहा वर्षं ओळखीने जमवलेली घरकामं बाईला वांगणीहून सांभाळता येत नाहीत. याउलट नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत असेल आणि बायको घरीच शिवण करत असेल, तर बदलापूर-वांगणीसारखी जागा नाही.

भाडं, वीज, पाणी, रिक्षा आणि पास मिळून कमाईच्या चाळीस टक्क्यांवर गेलं की उसनवारी सुरू होते, हे मी आमच्या बचत गटात बघत आले आहे. हा काही शास्त्रीय आकडा नव्हे, पण आपला स्वतःचा आकडा कागदावर लिहून मगच घराबाहेर पडा. एजंटच्या दुकानात बसल्यावर तो आकडा वितळतो.

सरकारी घराची आशा किती धरायची

लवकर सांगून टाकते. म्हाडाची सोडत मालकीच्या घरांची असते, भाड्याच्या नव्हे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न मुंबई महानगर प्रदेशात सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गटातून अर्ज करता येतो. जरूर करा, पण त्याने पुढच्या महिन्याचं भाडं सुटत नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. पनवेलजवळ कोनला बांधलेल्या त्यातल्या घरांची सोडत पुढे गिरणी कामगारांसाठी निघाली. करोनात मजूर पायी गावी गेले, त्यानंतर २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाडेघरांची योजना जाहीर केली आणि २०२४ पासूनच्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. आपल्या महापालिकेच्या आवास योजना कक्षात एकदा चौकशी करून ठेवावी. पण ‘म्हाडाची खोली भाड्याने काढून देतो, साहेबांना पन्नास हजार द्यावे लागतील’ असं म्हणणारा भेटला, तर त्याचा चहासुद्धा पिऊ नका.

शोधायचं कुठे

मोबाइलवरच्या जाहिरातींत आपल्या बजेटच्या खोल्या फारशा नसतात. असतात त्यांतल्या कित्येकांत फोटो एका घराचा आणि पत्ता दुसऱ्याच घराचा. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, आधी दोन हजार टोकन पाठवा, मग चावी’ हा फोन आमच्या गल्लीत तीन जणांना आला आहे. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

खरी माहिती गल्लीत असते. मी आधी किराणावाल्याकडे जाते, मग इस्त्रीवाल्याकडे, मग अंगणवाडीच्या ताईंकडे. कोणती खोली रिकामी होणार हे किराणावाल्याला मालकाच्या आधी कळतं, कारण सोडून जाणारा उधारी मिटवायला येतो. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई घरोघरी फिरतात; कुठल्या मालकाला लहान मुलांची कटकट वाटते आणि कोण दारू पिऊन रात्री भाडं मागायला येतो, हे त्यांना पाठ असतं. एक रविवार फक्त फिरण्यासाठी ठेवा आणि स्टेशनपासून जितकं आत चालत जाल तितकं भाडं कसं उतरतं ते लिहून काढा. शाळा बदलण्याच्या मे-जूनमध्ये मागणी जोरात असते. दिवाळीनंतर मालक जरा ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

एजंट वाईटच असतात असं नाही. अनोळखी भागात तो उपयोगी पडतो. एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेण्याची रीत आहे. पण करार दर वेळी नवा करताना पुन्हा अर्धी दलाली मागण्याची जी सवय लागली आहे, ती पहिल्याच दिवशी मोडून काढा. ‘पुढचा करार मी आणि मालक परस्पर करू’ हे सगळ्यांसमोर बोलून घ्या. खोली दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आणि एक कडू गोष्ट. आडनाव, धर्म, मांसाहार, एकटी बाई, गावाकडचा जिल्हा यांवरून खोली नाकारली जाते. फोनवर ‘फॅमिली आहे ना?’ विचारतात, त्याच्या मागे काय काय विचारायचं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यावर माझ्याकडे नामी तोडगा नाही. एवढंच करते की फोनवरच आपणहून नाव, माणसं किती, खाणं-पिणं सांगून टाकते. नकार येणारच असेल तर तो रिक्षाचे साठ रुपये खर्च होण्याआधी यावा. नाव बदलून खोली घेणं मात्र अंगाशी येतं, कारण करार आधारवर होतो.

खोली बघताना

एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर, अशी दोनदा बघा. जमलं तर तिसऱ्यांदा, नेमकी पाण्याच्या वेळेला.

पाण्याविषयी मालकाला विचारू नका, तो ‘चोवीस तास’ म्हणतो. शेजारच्या दारात भांडी घासणाऱ्या बाईला विचारा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मोटर लावावी लागते का, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याची वर्गणी किती. दिव्यात माझ्या खोलीत पाणी पहाटे सव्वातीनला यायचं. दोन वर्षं मी गजर लावून उठले. भाडं पाचशेने कमी होतं, ते का, हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सामाईक संडास असेल तर दारं किती आणि घरं किती ते मोजा. कड्या लागतात का, आत दिवा आहे का, तिथवर जायची वाट रात्री उजेडात असते का. घरात वयात आलेली मुलगी असेल तर यासाठी हजार रुपये जास्त भाडं द्यायला मी मागेपुढे बघणार नाही.

पावसाची खूण भिंतीवर असते. जमिनीपासून वीतभर, हातभर उंचीवर रंगाचा पोत बदललेला दिसतो. मालकाने नुकताच रंग मारला असेल, तर शेजारच्या खोलीत डोकावा. कपाट आणि फ्रिज विटांवर चढवलेले दिसले की समजायचं, इथे पाणी भरतं. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. त्या पट्ट्यात खोली बघत असाल, तर ‘त्या वेळी इथे पाणी कुठवर आलं होतं?’ एवढा एकच प्रश्न विचारा. माणसं हात वर करून उंची दाखवतात.

पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला दहा मिनिटं बसून बघा. तान्हं बाळ असेल तर नकोच.

विजेचं जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत चिवट गळती इथेच असते. तीन खोल्यांना मिळून एकच मीटर आणि आत मालकाचे सब-मीटर, ही नेहमीची पद्धत. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त. तुमच्या खोलीत ९० युनिट जळतात. स्वतंत्र मीटर असतं तर सगळे स्वस्त टप्प्यात बसले असते. तीन खोल्या मिळून २७० झाले की त्यातले १७० महाग टप्प्यात जातात, आणि मालक वर आपला एकच दर लावतो. म्हणून मीटर स्वतंत्र आहे का हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. नसेल तर युनिटचा दर आधी ठरवून करारात लिहून घ्या आणि दर महिन्याला मूळ बिल बघायला मागा.

आता इमारतीबद्दल. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या इमारतीचं नाव आहे का ते बघता येतं. अनधिकृत इमारतीत भाडं कमी असतं. २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शीळला बांधकाम चालू असलेली, माणसं राहायला आलेली इमारत कोसळून ७४ जीव गेले. इमारत पडली नाही तरी पाडली जाऊ शकते: नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडला आणि त्यातले भाडेकरू डिपॉझिटसकट रस्त्यावर आले. पालिकेची भोगवटा परवानगी आहे का, हे विचारल्यावर एजंट हसला तर त्याच्या हसण्यातच उत्तर आहे.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतही पुष्कळ खोल्या भाड्याने जातात. ती घरं मूळ रहिवाशाला ठरावीक वर्षं विकता किंवा भाड्याने देता येत नाहीत, म्हणून तपासणी आली की भाडेकरूला ‘पाहुणे आहोत म्हणून सांगा’ असं शिकवतात. ती मुदत संपली आहे का हे कागदावर न बघता तिथे मोठं डिपॉझिट गुंतवू नका.

मालक खरंच मालक आहे का

ही माझी दुखरी जागा. दुसऱ्या खोलीच्या वेळी अठरा हजार डिपॉझिट मी ज्याला दिलं, तो मालक नव्हताच. तोही भाडेकरू, स्वतः दुसरीकडे राहायला गेला होता आणि खोली मला देऊन मोकळा झाला होता. खरी मालकीण चार महिन्यांनी गावाहून आली आणि दारात उभी राहून मलाच विचारायला लागली, तुम्ही कोण? पैसे बुडाले. पावतीच नव्हती, मागणार कशाच्या जोरावर?

तेव्हापासून दोन कागद बघते: विजेचं ताजं बिल आणि मालमत्ता कराची पावती. दोन्हींवरचं नाव, आधारवरचं नाव आणि ज्या बँक खात्यात डिपॉझिट जाणार त्यावरचं नाव एकच हवं. वडिलांच्या नावावर खोली आणि मुलगा व्यवहार करतोय, तर वडिलांची सही किंवा कुलमुखत्यारपत्र मागावं. सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सरळ विचारा. जाता जाता हेही माहीत असू द्या: फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपलीकडे नसतं आणि ते मालकाने भरायचं असतं. ‘भाडेकरू म्हणून दोन हजार जादा मेंटेनन्स’ हे त्यात बसत नाही.

डिपॉझिट आणि हेवी डिपॉझिट

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत ठेवलं आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. म्हणजे डिपॉझिट हा घासाघिशीचा विषय आहे. पाच महिन्यांचं मागितलं तर तीनचं बोला, किंवा अर्धं आता आणि अर्धं दोन हप्त्यांत. भाडं दोनशेने वाढवून डिपॉझिट दहा हजारांनी उतरत असेल तर मी घेईन, कारण ते दहा हजार मी बहुधा व्याजानेच आणलेले असतात.

हेवी डिपॉझिट म्हणजे दोन-तीन लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं शून्य. ऐकायला गोड. तीन लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाचे तीस हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार होतात. पैसे स्वतःचे, गावची जमीन विकून आलेले, बँकेत पडून असतील तर सौदा चांगला. तेच तीन लाख वर्षाला चोवीस टक्क्यांनी काढले तर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. सावकाराचे महिन्याला तीन टक्के असतील तर नऊ हजार. ‘भाडं नाही’ म्हणणाऱ्या खोलीचं भाडं नऊ हजार झालं!

त्यात दुसरा धोका असा की हेवीवर देणारा मालक बहुधा स्वतःच अडचणीत असतो. त्याने ते पैसे कर्जाला लावलेले असतात. सोडायच्या दिवशी तो म्हणतो, नवा भाडेकरू आला की त्याचे घेऊन तुम्हाला देतो. बँकेचा हप्ता थकला असेल तर बँक ताबा घ्यायला येते आणि तुमचे तीन लाख रांगेत कुठे उभे राहतात ते विचारूच नका. म्हणून घरावर कर्ज आहे का, ते सोसायटीत, शेजारी आणि शक्य तिथे बँकेचं पत्र मागून तपासा. रोख देऊ नका. आणि या व्यवहाराचा करार नोंदवलाच पाहिजे.

करार

महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. त्याने टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी भाडेकरूंना कुणी सांगत नाही: नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

मालक म्हणतो, खर्च फार येतो. येत नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. सहा हजार भाडं, अकरा महिने, म्हणजे ६६,०००. तीस हजार डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं मानीव (म्हणजे हिशोबापुरतं धरलेलं) व्याज २,७५०. एकूण ६८,७५० च्या पाव टक्का म्हणजे १७२ रुपये. वर पूर्ण केले तरी दोनशे. नोंदणी फी पालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे, शिवाय थोडं दस्त हाताळणी शुल्क. तीन लाखांच्या हेवी डिपॉझिटवर तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क ६९ रुपयेच निघतं. एवढ्यासाठी जो नोंदणी टाळतो त्याला खर्चाची अडचण नसते, मागे खूण राहण्याची असते.

नोंदणी आता ऑनलाइन होते. अधिकृत सेवा पुरवठादाराचा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरीही येतो. त्याचे पैसे वेगळे, ते आधी विचारा आणि मालकाशी निम्मे-निम्मे ठरवा.

अकरा महिन्यांचाच करार का? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, त्यावरून ही सवय पडली. आपल्याकडे नोंदणी सक्तीचीच असल्यामुळे अकरात काही विशेष उरलेलं नाही. मालक चांगला वाटला तर तेहतीस महिन्यांचा करा, दर अकरा महिन्यांनी भाडं किती वाढणार ते आत्ताच लिहा. नोंदणी फी तीनदा भरायची ती एकदाच भराल, आणि मुलांची शाळा मध्येच बदलायला लागणार नाही.

करारात बघायच्या ओळी थोड्याच आहेत. डिपॉझिट सोडण्याच्या दिवशीच, चावी देताना परत. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. मध्येच सोडता न येण्याची अट असेल तर ती किती महिन्यांची. विजेचा दर, पाण्याची वर्गणी कुणाची. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. याच ओळीवर सर्वांत जास्त भांडणं होतात, म्हणून ‘नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे कापणार नाहीत’ हे घालून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावा. घाई करणाऱ्याला थांबवा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम, तेही ऑनलाइन आणि फुकट. ‘पोलिस व्हेरिफिकेशनचे दीड हजार’ ही एजंटची कमाई आहे.

राहायला आल्यावर

सामान आत घेण्याआधी रिकाम्या खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा: भिंती, खिडक्यांच्या काचा, मोरीची फरशी, नळ, पंखा, मीटरचं रीडिंग. तो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. भाडं शक्यतो यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. रोखच मागत असेल तर साध्या वहीत तारखेसह त्याची सही घ्या. आमच्याकडे एका बाईंनी दहा वर्षांची अशी वही जपली आहे, पाटीपूजनाला मांडावी तशी.

नोंदणीकृत कराराचे फायदे इथून सुरू होतात. आधारवरचा पत्ता बदलतो. मुलाचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के राखीव जागांतून अर्ज भरायचा आणि राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा, तर तो नोंदणीकृतच लागतो, तोही अर्जाच्या आधीचा. म्हणून मूल पाच वर्षांचं असताना खोली बदलत असाल तर तारखांकडे बघा. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात आधारच्या अंगठ्यावर मिळतं, नाव कापून आणायची घाई करू नका. गॅसचं कनेक्शन होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. चोरून भरलेल्या सिलिंडरपेक्षा तो बरा.

मालक त्रास देऊ लागला तर

भाड्यावरून वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कायद्याला मंजूर नाही. भाडे कायद्याचं कलम २९ भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय बंद करायला मनाई करतं. सामान बाहेर फेकायला कुणी आलं तर ११२ ला फोन करा, व्हिडिओ काढा आणि करार हातात ठेवा. पण दुसरी बाजूही समजून घ्या. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर हट्टाने राहिलात, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळाचं भाडं दुप्पट लागतं. ‘एकदा आत शिरलं की कोण काढतंय’ हे जुन्या चाळींच्या, पागडीच्या काळातलं बोलणं आहे. लायसन्सच्या खोलीला ते लागू नाही.

वकिलाला पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून तक्रार घरातल्या बाईच्या नावाने करता यावी यासाठी करारातही तिचं नाव घाला. आमच्या गटातल्या दोघींचं डिपॉझिट नुसत्या तिथल्या नोटिशीवर परत आलं. तारीख पडायची वेळच आली नाही.

सोडायची नोटीस व्हॉट्सॲपवरही द्या आणि कागदावरही. शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून कापा’ म्हणू नका असं सगळे सांगतात. मी मात्र, मालक पैसे परत देण्यात कच्चा आहे हे कळलं असेल, तर दोन महिने आधीच त्याच्याशी बोलून तेवढं डिपॉझिटमधून वळतं करून घेते आणि तसा त्याचा लेखी होकार घेते. टेम्पो सकाळी बोलवायचा, मालकाला दहाला. रिकामी खोली पहिल्या दिवसाचा व्हिडिओ समोर धरून दोघांनी बघायची, मीटरचा फोटो काढायचा, शेवटचं वीजबिल तिथल्या तिथे मिटवायचं. पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाजेपर्यंत चावी माझ्या पदराला बांधलेली असते.